इंदुरात नोकरदाराचं घर : हप्ता झेपतो, पण आधीची रक्कम कुठून आणायची?

मृण्मयी_इंदूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आम्ही सुदामा नगरात सात वर्षं किरायाने राहतो. हे पीथमपूरला कारखान्यात, मी शाळेत शिकवते. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 85 हजार. मुलगी पाचवीत. किराया 14 हजार. साठवलेले 9 लाख आहेत, त्यात माझ्या बाबांनी दिलेले दोन धरून.

गेले चार महिने आमचे सगळे रविवार घरं बघण्यात जातायत. निपानियाला एक टू बीएचके आवडला, 48 लाख. बँकेतल्या मुलीने 8 टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता काढून दिला, 32 हजार. घरी येताना गाडीवर आम्ही दोघंही खुशीत होतो. किराया वाचेल, थोडी ओढाताण होईल, पण जमेल असं वाटलं.

रात्री ह्यांनी मुलीच्या गणिताच्या वहीचं मागचं पान घेतलं. बँक देणार 80 टक्के, म्हणजे आपले 9 लाख 60 हजार. रजिस्ट्री, म्हणजे स्टँप ड्यूटी आणि नोंदणी, साडेबारा टक्क्यांनी 6 लाख. इमारतीचं काम चालू आहे म्हणून जीएसटी 5 टक्के, 2 लाख 40 हजार. बेरीज बरोबर 18 लाख. ह्यात दलाली नाही, पंखे नाहीत, स्वयंपाकघरात एक फळीसुद्धा नाही. आणि आमच्याकडे त्याच्या निम्मे आहेत.

म्हणजे दरमहा 32 हजार भरायची आमची ऐपत आहे असं बँक म्हणते, आणि दारात पाऊल टाकायची ऐपत नाही. असं फक्त आमचंच झालंय का?

लगेच लिहायचं कारण असं की ह्यांच्या ओळखीतल्या एकाने उज्जैन रोडला 600 फुटांचा प्लॉट सुचवलाय. "आत्ता डायरीवर घ्या, 3 लाख भरा, बाकी हळूहळू." ह्यांचं मन तिकडे वळायला लागलंय. मला रात्री झोप येत नाही.

सुपरकॉरिडॉरवासी

ताई, फक्त तुमचंच नाही. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या मुलांचं हेच रडगाणं आहे.

मी 2019 मध्ये फ्लॅट घेतला तो वडिलांनी पीएफमधून 8 लाख दिले म्हणून. तेव्हा माझा पगार तुमच्या दोघांपेक्षा बराच कमी होता. वडिलांचे पैसे नसते तर मीही आज किरायानेच असतो, हे मी कधी विसरत नाही. तरी एक सांगतो, थांबत राहू नका. आपण वर्षाला दीड-दोन लाख साठवतो आणि तेवढ्यात फ्लॅट चार लाखांनी वर गेलेला असतो. आमच्या भागात मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली ती जेमतेम सहा किलोमीटरची, पण जमिनीचे भाव तिच्या नावावर त्याच्या कितीतरी आधीपासून चढत होते.

डायरीबद्दल मला अनुभव नाही. जाणकारांनी सांगावं.

राऊकर

डायरीबद्दल मी सांगतो. मृण्मयीताई, हे भाऊजींना वाचून दाखवा.

डायरी म्हणजे काय, तर कॉलनी कापणाऱ्याचा माणूस एका छापील डायरीच्या पानावर तुमचं नाव, प्लॉट नंबर आणि भरलेली रक्कम लिहून देतो. त्या वेळी जमीन बहुतेकदा शेतकऱ्याच्याच नावावर असते. टीएनसीपीचा, म्हणजे नगररचना खात्याचा, नकाशा पास नसतो, डायव्हर्शन, म्हणजे शेतजमीन घरांसाठी करून घेणं, झालेलं नसतं, आणि बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या रेराचा नंबर नसतो. ते पान मग हातोहात विकलं जातं. तीन लाखांचं पान सहा महिन्यांनी चार लाखांना जातं, आणि ज्याला तसा फायदा झाला तो गावभर सांगत फिरतो. ज्याचं पान हातात राहिलं तो कुणाला सांगत नाही.

माझं डायरीच्याही पुढचं होतं, नोटरी. 2013 साली राऊच्या पुढे 15 बाय 40 चा प्लॉट घेतला. रजिस्ट्री नाही, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिली. तेव्हा मला वाटलं होतं, सरकारी शिक्का आहे, सही आहे, आणखी काय हवं? नोटरी फक्त सही करणारा माणूस तोच आहे एवढं बघते. जमीन विकायचा त्याला हक्क आहे का, हे कुणीच बघत नाही. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची जमीन नोंदणीकृत दस्ताशिवाय तुमची होत नाही, हा कायदा इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. मला तो 38 व्या वर्षी कळला.

त्या दिवशी शेतात पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. मी आणि बायको आमच्या चौकोनात जाऊन उभे राहिलो. तिने पावलांनी मोजून इथे ओटा, इथे देवघर असं ठरवलं. कोपऱ्यात लाल रंगाने 47 लिहिलेला दगड होता. पहिल्या पावसात रेघा गेल्या. दुसऱ्या वर्षी कळलं, तीच जमीन आणखी दोघांना विकली आहे. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, रजिस्ट्री नाही तर कर्जाचा प्रश्नच येत नाही. निगममध्ये नकाशा पास होईना. साडेचार लाख भरले होते, त्यातले सव्वा लाख सात वर्षं खेटे घालून परत आले.

47 नंबरचा दगड आम्ही घरी आणला. अजून किरायाच्या घराच्या गच्चीवर आहे, बायको त्यावर तुळशीची कुंडी ठेवते.

भाऊजींचं मन तिकडे का वळतंय ते मला बरोबर समजतं. तिथे 18 लाख एकदम कुणी मागत नाही. आपल्यासारख्याला परवडेल असा तो एकच दरवाजा उघडा दिसतो, आणि तो तसा दिसतो म्हणूनच ते लोक तिथे उभे असतात.

निवृत्त_बँकवाला

राऊकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी 33 वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ गृहकर्जाच्या टेबलावर. त्या टेबलासमोर अशी किती तरुण जोडपी बसली असतील, नोटरीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली. त्यांना "नाही" म्हणताना फार वाईट वाटायचं.

आधी कायद्याचं. रेराखाली 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील तर नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही. नोंदणी झालेल्या प्रकल्पातसुद्धा नोंदवलेल्या करारनाम्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांवर एक रुपया घेता येत नाही. डायरी दोन्हीत बसत नाही. आणि प्लॉट पूर्ण परवानगीच्या कॉलनीत असला तरी एक गोष्ट आवर्जून विचारायची : तो बंधक आहे का? आपल्याकडे कॉलनीतले पाव हिस्सा प्लॉट रस्ते, ड्रेनेज, लाइट पूर्ण होईपर्यंत प्रशासनाकडे गहाण असतात. असे प्लॉटही लोकांना खपवलेले मी पाहिले आहेत.

आता मृण्मयीताईंचा हिशेब. तुमच्या ह्यांनी मांडलेला आकडा बरोबर आहे, फक्त घर चुकीच्या किमतीचं निवडलंय. कसं ते सांगतो.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा की कर्ज 30 लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देता येतं. 30 लाखांच्या वर गेलं की 80 टक्के, 75 लाखांच्या वर 75 टक्के. रजिस्ट्रीचा खर्च ह्या किमतीत धरत नाहीत, तो तुमच्या खिशातून. म्हणजे 30 लाखांच्या कर्जाची जी पायरी आहे, तिच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळी जगं आहेत.

48 लाखांचं घर सोडा. 34 लाखांचं, तयार, जुनं घर धरा. कर्ज 30 लाख, तुमचे 4 लाख. जुन्या घरावर जीएसटी नाही. रजिस्ट्री तुमच्या नावावर केलीत तर बायकांना आपल्या राज्यात सवलत आहे, साडेबाराऐवजी साडेदहा टक्के, म्हणजे 3 लाख 57 हजार. एकूण 7 लाख 57 हजार. तुमच्याकडे 9 आहेत. हप्ता 8 टक्क्यांनी 25 हजार 93 रुपये.

किंमत 14 लाखांनी उतरली, पण आधी लागणारी रक्कम 18 वरून साडेसातवर आली. घराची किंमत तिसऱ्या हिश्श्याच्या आतच कमी झाली, दारातली रक्कम मात्र निम्म्याहून जास्त. चर्चा करताना लोक चौरस फुटाचा भाव आणि व्याजदर ह्यातच अडकतात. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर एक टक्क्याने उतरला, वर्तमानपत्रांनी मथळे दिले, आणि माझ्या भाच्याला वाटलं की आता घर परवडेल. एक टक्का उतरला की 30 लाखांवर महिन्याला दोन हजारांच्या आसपास फरक पडतो. तो चांगलाच आहे, पण त्याने दारातली रक्कम एक रुपयाने कमी होत नाही. नोकरदार अडतो तो तिथे.

नवंच घ्यायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. इंदुरात 45 लाखांपर्यंतचं आणि 90 चौरस मीटर कार्पेटच्या (घराच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) आतलं घर असेल तर जीएसटी 5 नाही, 1 टक्का लागतो. पार्किंग, क्लब वगैरे सगळं धरून 45. तुमचा 48 चा फ्लॅट त्या रेषेच्या जरा पलीकडे आहे, म्हणून 2 लाख 40 हजार. तोच 45 ला मिळाला तर कर 45 हजार. बिल्डरशी घासाघीस करायला ह्यापेक्षा मोठं कारण नाही.

नर्मदाकाठ

बँकवाल्या काकांचं एकेक वाक्य खरं आहे. रजिस्ट्री माझ्या नावावर केली तेव्हा आमचे जवळजवळ 80 हजार वाचले. सासूबाईंना आधी रुचलं नव्हतं, आता त्याच सगळ्या नातेवाइकांना सांगतात.

मी दोन गोष्टी सांगते ज्या मला कुणी सांगितल्या नाहीत.

पहिली, कार्पेट. आमचा फ्लॅट 1,050 फूट म्हणून विकला. राहायला आल्यावर भावाने टेप लावून मोजला, 680 भरला. बाकी जिना, लिफ्ट, गॅलरी, भिंती. रेरानंतर कार्पेट लिहून द्यावाच लागतो, पण साइटवरची माणसं तोंडाने सुपर बिल्टअपच बोलतात. मृण्मयी, 48 लाखांना 1,050 ने भागलंस तर 4,571 रुपये फूट येतो. 680 ने भागलंस तर 7,059. घरं तोलायची ती दुसऱ्या आकड्यावर.

दुसरी, पाणी. आम्ही बायपासच्या पलीकडे आहोत. नर्मदेची लाइन आमच्या सोसायटीपर्यंत आलेलीच नाही. बोअर मार्चअखेर आटतो, मग जूनपर्यंत टँकर. पहाटे साडेपाचला टँकरचा हॉर्न वाजला की चौथ्या मजल्यावरून उतरून कुणीतरी पाइप लावायला जायचं, आज आमची पाळी, उद्या शेजारच्यांची. उन्हाळ्यात मेंटेनन्स दुप्पट होतो. फ्लॅट बघायला जाल तर एप्रिल-मेमध्ये जा, आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बाईला विचारा, नर्मदा येते का. विकणाऱ्याला विचारू नका.

भमोरीवाला

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका.

मृण्मयीताई, तुम्ही 14 हजारांत राहता. त्याच दर्जाचं घर 48 लाखांना. वर्षाचा किराया 1 लाख 68 हजार, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्के. बँक 8 टक्के घेणार. हप्ता आणि किराया ह्यात 18 हजारांचा फरक आहे, तो दरमहा बाजूला टाकला तर तीन वर्षांत नुसती मुद्दल साडेसहा लाख होते. मी 36 चा आहे, घर घ्यायची मला घाई नाही, आणि त्यामुळे मला पुण्याची नोकरी आली तर मी दुसऱ्या दिवशी बॅग उचलू शकतो. आपल्या मराठी घरांत किरायाने राहणं म्हणजे काहीतरी कमी, असं लहानपणापासून ऐकलंय. त्या ऐकण्यापायी लोक डायरीवर पैसे टाकतात.

मृण्मयी_इंदूर

@भमोरीवाला दादा, राग कसला. गणित पटतं. पण सात वर्षांत आम्ही तीन घरं बदलली. एकदा घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, एकदा घर विकलं गेलं. मुलगी तिसरीत असताना ऐन वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात सामान हलवलं. तिने भिंतीवर आपली उंची पेन्सिलने लिहिलेली होती, दर वाढदिवसाची. निघताना ती रेघांवर हात ठेवून रडली. ते मी कुठल्या रकान्यात लिहू?

@काका, 34 लाखांत आमच्या बाजूला काही मिळेल?

रामबागकर

मिळेल. बायपास आणि विजय नगर सोडून जरा आपल्या जुन्या वस्त्यांत बघा. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, केसरबाग रोड, वैशाली नगर. वीस-पंचवीस वर्षांच्या तीनमजली इमारती आहेत, लिफ्ट नाही, पार्किंग जेमतेम स्कूटरपुरतं. पण नर्मदा येते, खोल्या मोठ्या आहेत, आणि भिंतींवर अजून प्लास्टर टिकून आहे. मुलं पुण्या-बंगळूरला गेलेली, वर जिना चढवत नाही म्हणून विकणारे आजी-आजोबा बरेच आहेत. जाहिरात देत नाहीत. गणेशोत्सवात, सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात तोंडी विषय निघतो, तिथे कान ठेवा.

आमचं स्वतःचं सांगतो. रामबागेत आजोबांचा वाडा. वडील आणि तीन काका, आता आम्ही नऊ चुलत भावंडं. जमिनीचा भाव बघितला तर आम्ही सगळे श्रीमंत आहोत, आणि गेली अकरा वर्षं पावसाळ्यात मागच्या खोलीत तीन बादल्या लावतो. कारण हिस्सेवाटप नाही. एक चुलतभाऊ कॅनडात, एका बहिणीची सही राहिली, आणि नामांतरण झालेलं नाही, वाडा अजून आजोबांच्याच नावावर. मी ह्या वाड्यात जन्मलो आणि मला ह्यावर दोन लाखांचं दुरुस्तीकर्जसुद्धा मिळत नाही.

ज्यांच्या घरी अशी वडिलोपार्जित जागा आहे त्यांनी नवा फ्लॅट शोधायच्या आधी भावंडांना एका दिवशी बसवावं. वडीलधारी माणसं हयात आहेत तोवरच. आम्ही ते केलं नाही.

तिलकनगरची_आजी

मुलाने टाइप करून दिलंय, बोलते आहे मी.

1986 मध्ये ह्यांच्या खात्यातल्या लोकांनी मिळून गृहनिर्माण संस्था केली. सभासद झालो, पावत्या आहेत, 1991 पर्यंतचे सगळे हप्ते भरले. त्या काळी बांगड्या मोडून भरलेले. जमीन घेतली होती, नकाशा आला होता, आमचा प्लॉट 20 बाय 50 चा, रस्त्याच्या वळणावर. मग पदाधिकारी बदलले, जमीन परस्पर दुसऱ्यांना गेली, कोर्टात केस लागली. हे 2009 मध्ये गेले. पुढे प्रशासनाने मोहीम काढली तेव्हा काही संस्थांच्या सभासदांना प्लॉट मिळाले, पेपरात फोटो आले. आमचा नंबर लागला नाही. पावत्यांची फाइल मी अजून देवाच्या कपाटात ठेवते.

पोरी, संस्थेतली माणसं आपलीच होती. मराठीच, ओळखीची, सणावाराला येणारी. म्हणून सांगते, ओळखीच्या माणसाने सुचवलंय ह्यावर जाऊ नकोस. तुझ्या नवऱ्याला सुचवणाराही ओळखीचाच आहे ना?

पीथमपूर_शिफ्ट

आजी, वाचून पोटात कालवलं.

मृण्मयीताई, मी तुमच्या ह्यांच्यासारखाच पीथमपूरचा, पण माझा एकट्याचा पगार, वर्षाचा 6 लाखांच्या आत. गेल्या वर्षी राऊला 27 लाखांचा फ्लॅट घेतला. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधली व्याज सवलत मिळते आहे. अट अशी : कुटुंबाचं उत्पन्न 9 लाखांच्या आत, घर 35 लाखांच्या आत, कर्ज 25 लाखांच्या आत, देशात कुठेही पक्कं घर नावावर नको, आणि कर्ज 1 सप्टेंबर 2024 नंतर मंजूर झालेलं. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के सवलत, पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार.

तुमचं उत्पन्न 10 लाख 20 हजार होतं, म्हणजे थोडक्यात हुकलं. पण वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल. आणि हेही सांगतो, ती सवलत कर्ज सुरू झाल्यावर येते. रजिस्ट्रीच्या दिवशी तिचा काही उपयोग नाही. माझे रजिस्ट्रीचे पैसे मेहुण्याने दिले, अजून फेडतो आहे.

मृण्मयी_इंदूर

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार, आजींना नमस्कार.

रामबागकर दादांनी सांगितल्याप्रमाणे राजेंद्र नगरात विचारपूस केली. शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने एक घर बघितलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, 2004 ची इमारत, 760 कार्पेट. मागच्या गॅलरीतून कडुलिंब दिसतो. मी नळ उघडून बघितला, नर्मदा दिवसाआड येते. आजी-आजोबा पुण्याला मुलाजवळ जाणार आहेत. मागतायत 34 लाख.

पण आजोबा म्हणतात, रजिस्ट्री 24 ची करू, 10 लाख रोख द्या. कुणीतरी त्यांना सांगितलंय की नाहीतर फार टॅक्स बसेल. माणसं अतिशय सज्जन आहेत, घाबरलेली आहेत. काय करू?

निवृत्त_बँकवाला

रोखीचा हिशेब करून बघा. रजिस्ट्री 24 लाखांची, तर बँक त्याच्याच 90 टक्के देणार, 21 लाख 60 हजार. उरलेले 2 लाख 40 हजार, रोख 10 लाख, रजिस्ट्रीचे 2 लाख 52 हजार. बेरीज 14 लाख 92 हजार. पूर्ण चेकने केलंत तर 7 लाख 57 हजार. म्हणजे त्यांची 10 लाखांची रोख तुमची आधीची रक्कम दुप्पट करते. व्यापाऱ्याजवळ अशी रोख असते, पगारदाराजवळ नसते. आपल्या शहरातली कितीतरी बरी घरं नोकरदारांच्या हातून केवळ ह्या एका कारणाने जातात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

आता आजोबांचं. त्यांना शांतपणे दोन गोष्टी सांगा. जमीन-घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. दहा लाख घेतले तर दहा लाख. दुसरी, ते पुण्याला मुलाजवळ जाऊन स्वतःच्या नावाने घर घेणार आहेत का ते विचारा. राहतं घर विकून झालेला नफा दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घ्यायला वापरला तर आयकर कायद्याखाली त्यावर कर लागत नाही. त्यांना त्यांच्या सीएकडे न्या, हवं तर तुम्ही सोबत जा. भीती गेली की रोखीचा आग्रह जातो, असं मी अनेकदा पाहिलंय.

मृण्मयी_इंदूर

काका, गेलो होतो. आम्ही दोघं, आजोबा आणि त्यांचा मुलगा फोनवर. पुण्याला मुलाच्याच इमारतीत ते छोटा फ्लॅट घेतायत, पैसे ह्यातलेच. सीएंनी अर्ध्या तासात सगळं समजावलं. बाहेर आल्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 35 द्या, पूर्ण चेकने, रजिस्ट्री दिवाळीनंतर.

एक लाख वाढला, पण हिशेब असा : कर्ज 30, आमचे 5 लाख, रजिस्ट्री साडेदहा टक्क्यांनी 3 लाख 67 हजार 500. एकूण 8 लाख 67 हजार 500. नऊ लाखांत बसतं, उरतात 32 हजार 500. बँकेची फी, वकील, मॉर्गेजचा खर्च त्यातून भागणार नाही, पण दिवाळीपर्यंत चार पगार आहेत.

ह्यांनी काल डायरीवाल्याला फोन करून नाही सांगितलं. राऊकर दादा, तुमची पोस्ट ह्यांनी दोनदा वाचली. तुळशीचं वाचल्यावर मोबाइल बाजूला ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

राऊकर

बायकोला वाचून दाखवलं. ती विचारते आहे, नव्या घरी देवघर कुठे करणार.

मृण्मयी_इंदूर

वहिनींना सांगा, पूर्वेच्या भिंतीला कोनाडा आहे, आजींचंच देवघर तिथे होतं. त्या म्हणाल्या, लाकडी देव्हारा राहू दे, पुण्याला जागा नाही.

मंगळवारी बँकेचा व्हॅल्युअर येतोय. काका, त्याला काय दाखवायचं, आणि बयाना देण्याआधी कोणते कागद बघायचे?

निवृत्त_बँकवाला

घाईत बयाना देऊ नका. जास्त नको, एक लाख पुरे, चेकने, आणि इकरारनाम्यात, म्हणजे सौद्याच्या करारात, स्पष्ट लिहून घ्या की कर्ज मंजूर झालं नाही किंवा टायटलमध्ये खोट निघाली तर पूर्ण परत. आजोबांची मूळ रजिस्ट्री, त्याआधीच्या मालकाची रजिस्ट्री, निगमची यंदाची मालमत्ता कराची पावती, इमारतीचा मंजूर नकाशा, सोसायटीचं नाहरकत पत्र, विजेचं आणि नळाचं शेवटचं बिल. 2004 मध्ये त्यांनी कर्ज काढलं असेल तर बँकेचं फेडीचं पत्र. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल मागा, तेरा वर्षांवर भागवू देऊ नका.

व्हॅल्युअर जुन्या इमारतीची किंमत कमी धरू शकतो, आणि बँक सौदा व मूल्यांकन ह्यांतल्या कमी रकमेवर कर्ज देते. म्हणून त्याला गच्चीवर न्या, वॉटरप्रूफिंग कधी केलं ते सांगा, खालच्या कॉलमना तडा नाही हे दाखवा. 33 लाख 34 हजारांच्या खाली धरलं तर तुमचे 30 लाख बसत नाहीत, हे डोक्यात ठेवा.

मंगळवारी रात्री आकडा कळवा. कमी आला तर दुसऱ्या बँकेत कसं जायचं ते सांगतो.